गाडीखालचं मीठ

डिसेंबरात तीन आठवडे उज्जैनला घरी होतो. बाबांची १९९२ सालची बजाज चेतक अजून अंगणात उभी असते. रंग उडालाय, सीट दोनदा शिवून घेतलीय, पण वाकून पाहिलं तर खालचा पत्रा शाबूत. तिथेच बसून मी त्यांना मिशिगनमधल्या माझ्या गाडीच्या ब्रेक पाइपचा फोटो दाखवला. गाडी अकरा वर्षांची. बाबा चष्मा सावरत म्हणाले, "हे काय रे, विहिरीतून काढलंय का?"

विहिरीतून नाही, रस्त्यावरून. मागच्या मार्चमध्ये मुलीला मराठी शाळेतून घेऊन येत होतो. सिग्नलला ब्रेक दाबला आणि पेडल जवळजवळ तळाला गेलं. ब्रेकची दोन सर्किटं वेगळी असतात म्हणून एक फुटलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबली, पण पांढरी रेघ ओलांडून. गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवल्यावर दिसलं, मागच्या चाकाकडे जाणारा पेन्सिलीपेक्षा बारीक स्टीलचा पाइप गंजून फुटला होता. मेकॅनिकने एकच विचारलं, "खालून शेवटची कधी धुतली होती?" मी उन्हाळ्यात गाडी चकाचक ठेवतो. हिवाळ्यात मात्र 'उद्या परत घाणच होणार' म्हणून हात लावत नव्हतो. आपल्या मंडळातल्या निम्म्या गाड्यांची हीच कथा असेल.

मिशिगनकरांना मिठाचं अप्रूप नाही. डेट्रॉइट शहराच्या खाली साधारण अकराशे फुटांवर मिठाची खाणच आहे, शंभराहून अधिक वर्षांची. रस्त्यावर टाकतात ते मुख्यतः हेच साधं मीठ. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून बर्फ वितळतो. पण उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ फार सावकाश काम करतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. वादळाआधी रस्त्यावर ज्या पांढऱ्या समांतर रेघा दिसतात ते मिठाचं पाणीच. खड्यांसारखं ते उडून बाजूला जात नाही, रस्त्याला चिकटतं आणि तसंच गाडीच्या सांध्यासांध्यांतही शिरतं.

गंमत अशी की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात आपल्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच. वरून गाडी कोरडी दिसते आणि खाली ती ओलीच असते. आणि उबदार गॅरेजमध्ये ठेवली की आपल्याला वाटतं, गाडीचे लाड केले. प्रत्यक्षात कडक थंडीत गंजण्याची क्रिया मंदावलेली असते. उबेत बर्फ वितळतो, खारं पाणी पत्र्यावर पसरतं आणि गंज जोरात चालू होतो. हे कळल्यावर मी गॅरेजचा हीटर बंद केला.

बाबांचा उपाय ठरलेला: "पावसाळ्याआधी जुन्या ऑइलचा हात मार." तत्त्व बरोबर आहे. तेलाचा थर पाणी आणि हवा दोन्ही अडवतो. पण जळक्या ऑइलमध्ये आम्लं असतात, रबराचे भाग त्याने खराब होऊ शकतात आणि ते ठिबकून जमिनीत मुरतं. त्याऐवजी तेलाचा किंवा लॅनोलिनचा (म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा) स्प्रे दर ऑक्टोबरात मारून घ्यावा. तो सांध्यांत झिरपतो. डांबरासारखं जाड कोटिंग जुन्या गाडीवर मी तरी करणार नाही. त्याला चीर गेली की खारं पाणी आत अडकतं आणि वरून काहीच दिसत नाही.

बाकी खरा इलाज पाण्याचा. पारा शून्याच्या वर गेला की दुपारी कार वॉशला जाऊन खालून धुणारा पर्याय घ्यायचा. काही ठिकाणी वापरलेलंच पाणी फिरवतात, म्हणून शेवटचं पाणी ताजं असतं का ते विचारा. मग दारांची रबरं पुसा, नाहीतर रात्री दारं गोठतात. एप्रिलमधली धुलाई तर चुकवूच नका, कारण त्यानंतर ऊब वाढत जाते. हे ऐकून बाबा हसले. महाकालाच्या पिंडीची झीज होऊ नये म्हणून २०१७ मध्ये दर भक्तामागे अर्धा लिटर आरओ पाण्याची मर्यादा घातली गेली. "इथे देवाला मोजून पाणी, आणि तुझ्या गाडीला धो धो!"

कॉलेजात जाणारी मुलं पहिली जुनी गाडी घेतात, त्यांच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या ब्रेक पाइपबद्दल मुद्दाम सूचना काढली होती. तेव्हा रंग आणि किलोमीटर बघून भुलू नका. गाडीच्या नोंदीत ती कुठल्या राज्यात फिरली ते दिसतं. टेक्सासची दहा वर्षं आणि ओहायोची दहा वर्षं सारखी नसतात. मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप, दाराखालची पट्टी, मागच्या चाकांचे आधार बघून घ्या. गंजलेले पाइप बदलायचेच असतील तर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे मागा. माझ्या गाडीचे चारही तसेच बसवलेत. आणि विकणारा लिफ्टवर चढवू देत नसेल, तर दुसरी गाडी बघा.