वैमानिकाचे शिक्षण आणि यंत्राची बुद्धी

चुकल्यावाचून कोणतीही विद्या साध्य होत नाही. वैमानिकाची अडचण अशी की, आकाशात झालेली चूक सुधारण्यास त्याला अनेकदा क्षणाचीही सवड मिळत नाही. म्हणून चुका जमिनीवरच व्हाव्यात आणि त्यांतून आलेले शहाणपण उड्डाणाच्या वेळी कामी यावे, हा वैमानिक-प्रशिक्षणाचा मूळ हेतू राहिला आहे. लष्करी वैमानिकांच्या शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो उपयोग होऊ लागला आहे, तो याच दृष्टीने समजून घेणे इष्ट ठरेल.

अमेरिकेत १९३४ साली टपालाची हवाई वाहतूक लष्कराकडे सोपविण्यात आली. धुके, हिमवर्षाव आणि अंधार यांत केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याचा पुरेसा सराव नसल्याने अनेक वैमानिक प्राणास मुकले. त्यानंतर लष्कराने एडविन लिंक यांनी तयार केलेली सहा प्रशिक्षण-यंत्रे विकत घेतली. लिंक यांच्या घरचा व्यवसाय ऑर्गन बनविण्याचा होता. बाजाच्या पेटीत असतो तशा भात्यांच्या साहाय्याने त्यांनी जमिनीवरील लहानशा विमानाला डोलविण्याची युक्ती योजिली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लक्षावधी प्रशिक्षणार्थींनी अशा यंत्रांत बसून धडे गिरविले.

मात्र आपल्यात कोण बसले आहे, हे त्या यंत्रास कळत नसे. ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न अमेरिकी हवाई दलाने २०१८ च्या फेब्रुवारीत टेक्सासमधील ऑस्टिन येथे केला. पहिल्या तुकडीत २० प्रशिक्षणार्थी होते. डोळ्यांवर आभासी दृश्य दाखविणारा चष्मा लावून ते सराव करीत. त्यांच्या हालचाली व शारीरिक ताण यांची नोंद संगणक घेई आणि तिच्या आधारे प्रत्येकाच्या गतीनुसार अभ्यास आखला जाई. प्रत्यक्ष उड्डाणेही होतीच. एरवी सुमारे वर्षभर चालणारे हे शिक्षण सहा महिन्यांत आटोपून ऑगस्टमध्ये १३ अधिकाऱ्यांना वैमानिकाचे पंखचिन्ह प्रदान करण्यात आले.

यंत्र हा प्रतिस्पर्धीही होऊ शकतो. ऑगस्ट २०२० मध्ये ‘डार्पा’ या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेने घेतलेल्या स्पर्धेत, संगणकावरील कृत्रिम हवाई झुंजीत हेरॉन सिस्टिम्स या कंपनीच्या प्रणालीने एफ-१६ विमानाच्या अनुभवी वैमानिकास पाचही फेऱ्यांत हरविले. तथापि या विजयाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचे अचूक स्थान त्या प्रणालीस सतत ज्ञात होते. शिवाय सुरक्षिततेसाठी वैमानिकांना सरावात निषिद्ध असलेले समोरासमोरचे हल्लेही ती करीत होती. पुढे डिसेंबर २०२२ पासून एक्स-६२ए या खऱ्या विमानात अशा प्रणालींची चाचणी सुरू झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मानवचालित एफ-१६ विरुद्ध सराव झाला. त्या वेळी एक्स-६२ए मध्ये सुरक्षेसाठी वैमानिक बसविण्यात आले होते, ही बाब बोलकी आहे.

असा न थकणारा प्रतिस्पर्धी आणि प्रत्येक चुकीची नोंद ठेवणारा सहायक लाभल्यास शिक्षकाचा भार हलका होईल, यात शंका नाही. परंतु शिष्य एकट्याने उड्डाण करण्यास योग्य झाला किंवा नाही, या निर्णयावर त्याचे व इतरांचे प्राण अवलंबून असतात. यंत्राची नोंद त्या निर्णयास आधार देऊ शकते. त्याची जबाबदारी मात्र शिक्षकालाच घ्यावी लागेल.