साहेबरावचा पंजा

जानेवारी 2020 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात एका वाघाला बेशुद्ध करून त्याच्या पुढच्या डाव्या पायाला कृत्रिम पंजा बसवण्यात आला. वाघाचं नाव साहेबराव. जगात कुठल्याही वाघावर असा प्रयोग तोवर झालेला नव्हता, त्यामुळे बातमी मोठी झाली. दुसरी बातमी त्या मानाने छोटीच छापून आली. शुद्धीवर आल्यावर साहेबरावने तो पंजा पायातून काढून टाकला.

ही गोष्ट सुरू होते 2012 साली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पळसगाव परिसरात. शिकाऱ्यांनी लावलेल्या लोखंडी सापळ्यांत दोन वाघ अडकले. एक मेला. दुसरा जेमतेम दोन वर्षांचा होता, तो वाचला. मात्र सापळ्याने त्याच्या पंजाची बोटं घेतली. पुढे वाघाने लंगडत कशी शिकार करायची? म्हणून त्याची रवानगी नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयात आणि तिथून गोरेवाड्याला झाली. पाय बरा झाल्यासारखा दिसे, पण वेदना थांबत नव्हत्या. नागपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभुळकर यांनी या वाघाला दत्तक घेतलं होतं. माणसांची हाडं जोडणारा हा डॉक्टर आणि पशुवैद्यक विद्यापीठातली मंडळी एकत्र आली. आधी दुखणं कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नंतर पंजाचा प्रयोग.

प्रयोग फसला असं म्हणणं सोपं आहे. मला त्यात वेगळंच काही दिसतं. कृत्रिम पाय बसवलेल्या माणसाला डॉक्टर सांगतो, पंधरा दिवस त्रास होईल, घासेल, सुजेल, मग सवय होईल. माणूस दात-ओठ खाऊन ते सोसतो, कारण पंधरा दिवसांनंतरचं चालणं त्याला आजच दिसत असतं. वाघाला ते कोण दाखवणार? त्याच्या लेखी पायाला काहीतरी चिकटलं होतं आणि ते त्याने काढलं. वन्यप्राण्यांच्या डॉक्टरची सगळी अडचण या एका गोष्टीत आली. त्याच्या रोग्याला बरं व्हायचं असतं, पण उपचार करून घ्यायचे नसतात.

गोरेवाडा नागपूरकरांना माहीत आहे तो काटोल रस्त्यावरचा तलाव म्हणून आणि 26 जानेवारी 2021 पासून सफारी म्हणून. 1,914 हेक्टरांच्या त्या प्रकल्पात सफारीच्या बसमधून दिसतो तो एक कोपरा. बचाव केंद्र सफारीच्या आधीपासून आहे, आणि तिथे तिकीट काढून जाता येत नाही. विहिरीत पडलेले बिबटे, माणसावर हल्ला केला म्हणून पकडलेले वाघ, आई गमावलेली पिल्लं, जखमी अस्वलं, अशी ती वस्ती. शेजारी वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि पाठीशी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू. कायद्याच्या नजरेत मात्र सफारी आणि बचाव केंद्र यांत मोठा फरक नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येतच बचाव केंद्रं येतात आणि दोघांवरही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख असते. 1992 साली हे प्राधिकरण आलं, तेव्हापासून दवाखाना, विलगीकरणाची जागा आणि शवविच्छेदनाची खोली या गोष्टी प्राणिसंग्रहालयाच्या मान्यतेशी जोडल्या गेल्या. त्याआधीची प्राणिसंग्रहालयं म्हणजे बाग, पिंजरे आणि फुटाणेवाला.

या दवाखान्यातलं काम चालतं कसं? तपासणीपासूनच पंचाईत. गाईची नाडी बघता येते, कुत्र्याच्या पोटावर हात ठेवता येतो. वाघाला हात लावायचा तर आधी त्याला झोपवावं लागतं, आणि प्रत्येक वेळी झोपवणं हाच एक धोका. म्हणून साध्या इंजेक्शनसाठी किंवा रक्त घेण्यासाठी स्क्वीझ केज वापरतात. या पिंजऱ्याची एक भिंत सरकते आणि जनावर हलू शकणार नाही इतकी जागा उरते. जिथे ते शक्य नसतं तिथे लांबून मारलेला गुंगीच्या औषधाचा डार्ट. केटामाइन आणि झायलाझिन ही जोडी आपल्याकडे बिबट्यांसाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. मात्रा वजनावर ठरते आणि वजन नजरेने ठरवायचं असतं. झाडावर चढलेल्या किंवा घरात शिरलेल्या बिबट्याला कोणी काट्यावर उभं करत नाही! केटामाइनमुळे डोळे उघडेच राहतात, पापणी मिटत नाही, म्हणून बुब्बुळ कोरडं पडू नये यासाठी डोळ्यांत मलम घालून वर फडकं बांधतात. अंगाचं तापमान सतत मोजावं लागतं. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी डार्ट मारायचा म्हणजे अर्धी लढाई उष्णतेशीच. झायलाझिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही; त्यामुळे उतारा घाईने दिला तर जनावर अर्धवट उठतं आणि धडपडून स्वतःला जखमी करून घेतं.

हरणांचं तर याहून नाजूक. चितळाच्या मागे माणसं धावली, जाळं टाकलं, पाय बांधले, आणि जनावर धडधाकट हाती आलं असं वाटलं, तरी ते काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरू शकतं. भीतीने आणि अति श्रमाने स्नायू आतून विरघळतात, तो कचरा मूत्रपिंडात जाऊन बसतो. याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. गावात शिरलेल्या हरणाला वाचवायला शंभर लोक जमले की त्याच्या मरणाची शक्यता वाढते, हे गर्दीला कोणी पटवून द्यायचं?

आणि मग असतो रोग. जंगली जनावर आजार लपवतं, कारण आजारी दिसणं म्हणजे मोकळ्या जंगलात मरण. डॉक्टरच्या आधी आजार कळतो तो रोज खाद्य घालणाऱ्या माणसाला. काल मांस किती उरलं, विष्ठा कशी होती, हाक मारल्यावर कान हलले का. यंत्रांच्या खरेदीच्या बातम्या येतात, पण ही नजर कुठल्या निविदेत मिळत नाही. जुलै 2025 मध्ये पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत सोळा चितळं दगावली. तपासणीत निघाला लाळ्या खुरकूत. कुठल्याही गोठ्यात शेतकरी ज्याला ओळखतो, तो हा रोग. कुंपण वाघाला अडवतं, विषाणूला नाही.

गोरेवाड्याला जो फटका बसला तो याहून विचित्र होता. डिसेंबर 2024 च्या अखेरीस तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि जानेवारीत उत्तर आलं: एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लू. कोंबड्यांचा रोग वाघांना. ऐकणाऱ्याला नवल वाटलं, जाणकारांना नाही. थायलंडमधल्या श्रीराचा इथल्या वाघांच्या प्राणिसंग्रहालयात ऑक्टोबर 2004 मध्ये हेच झालं होतं. तिथे 441 वाघ होते. कच्ची कोंबडी खाऊन साथ पसरली आणि 147 वाघ मेले किंवा मारावे लागले. गोरेवाड्याच्या जेमतेम चार महिने आधी, 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, दक्षिण व्हिएतनाममधल्या दोन प्राणिसंग्रहालयांत 47 वाघ, तीन सिंह आणि एक ब्लॅक पँथर याच विषाणूने गेले. मे 2025 मध्ये गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयातली वाघीणही.

गोरेवाड्यातही पहिला संशय खाद्यातल्या कोंबडीवर गेला. याचा अर्थ असा की बचाव केंद्रातली सगळ्यात महत्त्वाची खोली शस्त्रक्रियेची नसून स्वयंपाकाची आहे. मांस कुठून आलं, कोणी तपासलं, ते कापणारे हात त्याआधी कुठे होते, पिंजऱ्याबाहेरच्या जंतुनाशकाच्या पायपुसण्यात पाणी उरलं आहे की नुसता चिखल, यावर वाघाचं आयुष्य टांगलेलं असतं. ही कामं कंटाळवाणी आहेत. त्यांचं उद्घाटन होत नाही. माझ्या मते आपल्या प्राणिसंग्रहालयांचा दर्जा याच कंटाळवाण्या कामांवर ठरवायला हवा.

आता समजा सगळं नीट झालं. जखम भरली, रोग आला नाही, वजन वाढलं. पुढे काय?

यवतमाळ जिल्ह्यात नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीला नोव्हेंबर 2018 मध्ये गोळी घातली गेली. तिचं मादी पिल्लू डिसेंबरमध्ये पकडलं गेलं आणि पेंच व्याघ्र प्रकल्पात तितरालमांगीच्या मोठ्या कुंपणात वाढलं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे अशा पिल्लाला माणसाची सवय लागू द्यायची नसते आणि जिवंत भक्ष्य मारता येतं हे त्याने वारंवार दाखवावं लागतं. ते तिने दाखवलं. मार्च 2021 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घालून तिला सोडलं. काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झुंज झाली, ही जबर जखमी झाली, तिला गोरेवाड्याला आणलं आणि तिथे ती मेली. शिकार शिकवता येते, पण तो मुलूख आधीच कुणाचातरी असतो त्याला काय करणार. याच्या उलट, कान्हाच्या घोरेला कुंपणात वाढलेल्या दोन अनाथ वाघिणी 2011 मध्ये पन्ना व्याघ्र प्रकल्पात सोडल्या आणि त्यातल्या एकीने त्याच वर्षी पिल्लं दिली. फरक एवढाच की पन्नातले सगळे वाघ 2009 पर्यंत संपले होते आणि 2011 मध्येही तिथली बरीचशी जागा रिकामी होती.

बिबट्यांच्या बाबतीत आपण आणखी महाग धडा शिकलो. 2001 नंतर जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम निघाली. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. 29 बिबटे सरासरी 39.5 किलोमीटर दूर हलवले गेले. मोहिमेआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात हाल झालेलं जनावर शहाण्यासारखं वागत नाही. सोडायचं नाही तर ठेवायचं कुठे, म्हणून माणिकडोह धरणाजवळचं बिबट्या निवारा केंद्र भरत गेलं. पिंजऱ्याचे गज चावून सुळे तुटलेले, म्हातारे, सांधे धरलेले बिबटे तिथे उरलेलं आयुष्य काढतात.

बिबट्याला सोडलं की तो कुठे जातो, हे दाखवलं ‘आजोबा’ने. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा म्हातारा नर 2009 मध्ये कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, तर गडी सव्वाशे किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. रेल्वे, महामार्ग, खाडी, सगळं ओलांडून. 2011 मध्ये त्याच भागात एका वाहनाने त्याला उडवलं. मेलेला बिबट्या आजोबाच आहे हे कातडीखाली टोचलेल्या चिपवरून कळलं. तांदळाच्या दाण्याएवढी चिप, आणि तिच्याशिवाय तो रस्त्यावर मेलेला आणखी एक बिबट्या एवढंच झालं असतं.

म्हणून जुन्नरकडचे पशुवैद्य आणि वनखातं आता जे करतात ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की त्यांना केंद्रात वाढवायचं नाही. तपासायचं, गोचिड्या काढायच्या, चिप टोचायची आणि संध्याकाळी त्याच फडात, त्याच जागी खोक्यात ठेवून लांब जायचं. कॅमेरा लावलेला असतो. बहुतेक वेळा रात्रीतून आई येते, एकेका पिल्लाला मानेला धरून घेऊन जाते. दवाखान्याचं काम काही तासांत संपतं आणि पिंजरा रिकामा राहतो.

ऊसतोडीच्या दिवसांत फडात मांजरासारखी पिल्लं दिसली तर उचलू नका, फोटोसाठी मांडीवर घेऊ नका, तोड थांबवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. शेतातल्या विहिरीला कठडा नसेल तर यंदा बांधून घ्या. संक्रांतीला नायलॉनचा मांजा घेऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे, तरी दर जानेवारीत नागपुरात सेमिनरी हिल्सच्या उपचार केंद्रात पंख कापलेल्या घारी आणि घुबडं येतात. आणि संक्रांत झाल्यावर घरासमोरच्या झाडात अडकलेला मांजा तेवढा काढून टाका.