हसण्यास सक्त मनाई!

रुग्णाच्या समाचाराला जाणे ही एक कला आहे आणि ती फार थोड्यांना साधते. मोसंब्यांची पिशवी घेऊन आलेले गृहस्थ खाटेच्या कडेला टेकतात, सुस्कारा सोडतात आणि म्हणतात, "आमच्या साडूंचंही अगदी अस्संच सुरू झालं होतं!" साडूंचे पुढे काय झाले, हे विचारण्याची रुग्णाची छाती होत नाही. अशा वेळी त्याने एक तर घाबरावे, नाही तर हसावे. दुसरा मार्ग धरलेल्या एका बाईंची ही हकीकत.

बेटी मॅक्डॉनल्ड हे नाव १९४५ साली 'द एग अँड आय' या पुस्तकाने अमेरिकेत घरोघरी पोहोचले. त्यात त्यांच्या कोंबड्यांच्या संसाराची गंमत होती. पण १९४८ साली त्यांनी गंमत शोधली ती चक्क क्षयरोगात! पुस्तकाचे नाव 'द प्लेग अँड आय'. १९३८ साली बेटीबाई तिशी ओलांडलेल्या, नवऱ्यापासून विभक्त, दोन लहान मुलींच्या आई आणि कचेरीत नोकरी करणाऱ्या. खोकल्याचे निदान क्षय निघाले आणि सिॲटलजवळच्या 'फरलँड' आरोग्यधामात त्यांना सुमारे नऊ महिने काढावे लागले.

तिथले नियम ऐकून आपली कडक सासूसुद्धा मवाळ वाटावी. नव्या रुग्णाने वाचायचे नाही, लिहायचे नाही, बोलायचे नाही आणि हसायचेही नाही! बाहेर कडाक्याची थंडी असली तरी खिडक्या सताड उघड्या.

यात दुष्टपणा मात्र नव्हता. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले १९४३ साली. तोवर विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा हाच मुख्य आधार. हसले की खोकला उसळतो आणि फुप्फुसाची विश्रांती मोडते, म्हणून हसण्याला बंदी. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला ज्यांच्या घरचे कोणी राहून आले असेल, त्यांना अशा सक्तीच्या विश्रांतीची कल्पना असेल.

जे तिथे हसता आले नाही, ते सारे बेटीबाईंनी दहा वर्षांनी कागदावर हसून घेतले. पण कशाला हसल्या ते पाहा. थंडीला हसल्या, परिचारिकांच्या शिस्तीला हसल्या, खोलीतल्या सोबतिणींच्या कुरकुरीला हसल्या आणि सर्वांत जास्त हसल्या स्वतःच्या भित्रेपणाला. मरणाची चेष्टा त्यांनी केली नाही आणि ज्या उपचारांनी जीव वाचला त्यांचे ऋणही त्या विसरल्या नाहीत. दुसऱ्याच्या दुखण्याला हसणे हा क्रूरपणा, पण आपल्या दुखण्याला हसणे ही हिंमत. रुग्णाचे जेवण, झोप, अंघोळ, सारे दुसऱ्यांच्या हाती गेलेले असते. स्वतःच्या मालकीचा उरतो तो एवढा विनोदच.

या पुस्तकात किमी नावाची एक जपानी वंशाची तरुणी भेटते. बोलणे मृदू आणि विनोद सुरीसारखा. ही खरोखरीची मुलगी म्हणजे मोनिका सोने. १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, अमेरिकेने तिच्या कुटुंबाला इतर हजारो जपानी कुटुंबांबरोबर छावणीत डांबले. पुढे १९५३ साली तिनेही 'निसेई डॉटर' हे आत्मकथन लिहिले, आणि त्यातही कडवटपणापेक्षा मिस्कीलपणाच अधिक आहे. शेजारच्या खाटेवरून क्षयाची लागण होते तशी विनोदाचीही होत असावी!

बेटीबाई १९५८ साली, अवघ्या पन्नासाव्या वर्षी, कर्करोगाने गेल्या. हसण्याने सगळेच आजार बरे होतात, असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. बेटीबाईंना घरी आणले ते उपचारांनी. हसण्याने त्या घरी परतल्या तेव्हा बेटीबाईच राहिल्या, एवढेच. पण हे 'एवढेच' थोडे आहे काय?

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी इस्पितळात जाल तेव्हा मोसंबी अवश्य न्या. साडूंना मात्र घरीच ठेवा!