बीव्हरचं बिऱ्हाड आणि दारातला लांडगा

‘घर पाहावं बांधून’ या म्हणीचा अर्थ, गवंड्यामागे ज्यांनी हेलपाटे घातले आहेत त्या मैत्रिणींना नव्यानं सांगायला नको. पण हे कष्ट माणसाच्याच वाट्याला आलेले नाहीत. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून मिनेसोटा हे राज्य आहे. तिथल्या जंगलात बीव्हर नावाचा प्राणी राहतो. दिसायला आपल्या घुशीचा थोरला भाऊच म्हणा ना! वजन मात्र वीस किलोच्या आसपास, शेपूट थापीसारखी चपटी आणि पुढचे दात नारिंगी. दातांत लोह असतं, म्हणून हा रंग. या दातांनी तो चांगली जाडजूड झाडं पाडतो, फांद्या आणि चिखल रचून ओढ्याला बांध घालतो आणि मागे साठलेल्या तळ्यात आपलं घर उभारतो. घराचं दार पाण्याखाली, बसायची-निजायची जागा पाण्यावर. चोराचिलटाची भीती नको!

आत राहतं ते एक भरलं कुटुंब. नवरा-बायको सहसा जन्माचे सोबती. यंदाची दोन-चार पिल्लं आणि गेल्या वर्षीची अर्धवट वाढलेली मुलंही त्यांच्याबरोबर असतात. ही मोठी मुलं नुसती खाऊन बसत नाहीत, बांधाच्या डागडुजीला हात लावतात. साधारण दोन वर्षांची झाली की वसंतात घर सोडून आपला संसार मांडायला बाहेर पडतात. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडयांची बेगमी करतो, तशी बीव्हरची बेगमी शरद ऋतूत चालते. कोवळ्या फांद्या आणून घराशेजारी तळ्याच्या तळाशी चिखलात खोचून ठेवायच्या. वर बर्फ जमलं की खालून पोहत जायचं आणि एकेक फांदी काढून आणायची. सारा हिवाळा असा निभतो.

बांधाला मात्र सतत राखण लागते. स्वीडनमधले अभ्यासक लार्स विल्सन यांनी बीव्हरना वाहत्या पाण्याचा आवाज ध्वनिवर्धकावरून ऐकवला, तर ते आवाजाच्या रोखानं काटक्या रचायला लागले! पाणी कुठं गळतंय याकडे असा कान लावून बसलेला कुणीतरी घरात हवा. तो नसला की तळं गेलंच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लांडग्याकडे वळू. लांडगे टोळीनं धावतात, सावज दमवतात, असंच आपण ऐकत आलो. हरणांच्या बाबतीत ते खरंही आहे. बीव्हरच्या बाबतीत मात्र लांडगा धावत नाही, वाट पाहत बसतो. मिनेसोटातल्या व्हॉयजर्स राष्ट्रीय उद्यानात आणि आसपासच्या जंगलात थॉमस गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडग्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे बांधले. काही पट्टे दर वीस मिनिटांनी लांडगा कुठं आहे ते टिपून ठेवत. मग ही माणसं त्या त्या जागी पायी जाऊन जमिनीवर काय खुणा आहेत ते पाहून येत. असं वर्षानुवर्षं केल्यावर कळलं, की बीव्हर ज्या पायवाटेनं झाडाकडे जातो तिच्या कडेला लांडगा तासन्‌तास दबा धरून पडून राहतो. बीव्हरची नजर अधू, नाक मात्र तिखट. म्हणून लांडगा जवळजवळ नेहमीच अशा बाजूला बसतो, की वारा बीव्हरकडून त्याच्याकडे यावा. शेजारच्या घरातली फोडणी आपल्याला कळावी आणि आपल्या घरातली शेजारणीला कळू नये, असा हा बेत!

आणि हा बेत चांगलाच साधतो. २०१५ साली चार लांडग्यांच्या एका टोळीनं आपल्या हद्दीतले ऐंशीच्या वर बीव्हर मारले असा अंदाज निघाला, म्हणजे शंभरातले सुमारे चाळीस. वाचून कुणालाही वाटेल, आता पुढच्या वर्षी उरलंय काय? पण बीव्हरच्या घरांची संख्या त्यामुळे खालावली नाही.

कारण साधं आहे. लांडगा घरात शिरू शकत नाही. पाण्यात तो बीव्हरची बरोबरी करू शकत नाही, आणि हिवाळ्यात वर बर्फाचं झाकण असलं की सगळं कुटुंबच त्याच्या हाताबाहेर. त्याला मिळतो तो वसंतात आणि शरदात जमिनीवर आलेला एकटादुकटा जीव. घरातलं एखादं माणूस जातं, बाकीचे बांध सांभाळतात. शिवाय कुठं जागा मोकळी झालीच, तर दुसऱ्या तळ्यावरून निघालेली तरुण मुलं बिऱ्हाड शोधतच असतात.

बाहेरून कुणी येणारच नसेल तर? तेही पाहायला मिळालं. सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचं बेट आहे. तिथले लांडगे रोगानं आणि आपापसातल्या नात्यातच होणाऱ्या पैदाशीनं खंगत गेले आणि २०१६ साली अवघे दोन उरले. त्या काळात बेटावरची बीव्हरची घरं झपाट्यानं वाढली. शेवटी २०१८ आणि २०१९ मध्ये बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. तेव्हा लांडग्याचा बीव्हरवर धाक नाही असं कुणी समजू नये. बेट वेगळं आणि सलग पसरलेलं जंगल वेगळं, एवढंच.

ही सलग जंगलं सापळेवाल्यांचा मुलूख म्हणून ओळखली जात. उद्यानाचं व्हॉयजर्स हे नावच कातड्यांच्या व्यापारात होड्या वल्हवणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन माणसांवरून पडलं आहे. युरोपातल्या साहेबलोकांच्या उंची टोप्या बीव्हरच्या मऊ लोकरीपासून बनत. हडसन्स बे कंपनी १६७० साली स्थापन झाली ती याच कातड्यांसाठी. तिच्या ठाण्यांवर मालाची किंमतसुद्धा बीव्हरच्या कातड्यांत मोजत! एका टोपीच्या हौसेपायी अर्ध्या खंडातला प्राणी संपत आला, हे वाचून जीव हळहळतो. (साहेबांच्या टोप्यांवर नंतर रेशीम आलं, तेव्हा कुठं थोडी उसंत मिळाली.)

सापळेवाला आणि लांडगा यांत फरक काय? सापळेवाला बर्फाला घाबरत नाही. घरासमोरचं बर्फ फोडून तो पाण्याखाली सापळा लावतो, आमिषाला ताजी फांदी ठेवतो. मनात आणलं तर आई-बाप, मुलं, सगळं घर एका हिवाळ्यात उचलू शकतो. १९२८ साली क्वेबेकच्या जंगलात एका बीव्हर आईला असंच पकडलं गेलं. मागे दोन पिल्लं राहिली. त्यांचा आवाज थेट तान्ह्या मुलासारखा असतो. सापळेवाल्याची बायको अनाहारिओ ही मोहॉक जमातीची. तिनं हट्टच धरला, की ही पिल्लं मारायची नाहीत, घरी न्यायची. पिल्लं खोपटात वाढली आणि नवऱ्यानं पुढे बीव्हर पकडणंच सोडलं. तोच पुढे ग्रे आउल नावाचा प्रसिद्ध लेखक झाला. स्वतःला तो अर्धा इंडियन म्हणवी, पण मूळचा इंग्लंडचा निघाला. हे बिंग १९३८ साली त्याच्या मृत्यूनंतर फुटलं. नाव नवऱ्याचं झालं, पण शब्द पहिला बायकोचा होता. तिनं स्वतःची हकिगतही पुढे पुस्तकरूपानं लिहिली.

सगळेच सापळेवाले घर रिकामं करणारे नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या तोच मुलूख राखणारे एका घरातले एक-दोन घेतात आणि बाकीच्यांना राहू देतात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात सापळ्यांच्या हद्दी नोंदवून दिल्या गेल्या, किती बीव्हर घ्यायचे तेही ठरवून दिलं गेलं. तरी ‘आमचे बीव्हर लांडगे खातात’ ही तक्रार सापळेवाल्यांच्या तोंडी असतेच. मला ती पटत नाही. उद्यानातल्याच काबेटोगामा द्वीपकल्पावर १९४० साली बीव्हरच्या तळ्यांच्या ७१ जागा होत्या, १९८६ साली त्या ८३५ झाल्या. आणि उत्तर मिनेसोटातून लांडगे कधीच नाहीसे झाले नव्हते. या साऱ्या वर्षांत ते तिथंच होते, बीव्हर खातही होते.

मग लांडग्यामुळे काहीच बदलत नाही का? बदलतं, पण निराळ्याच जागी. घर सोडून निघालेला दोन वर्षांचा बीव्हर आठवतो ना? तो एखादा ओढा निवडतो, एकट्यानं बांध घालतो, पाणी साठायला लागतं. झाडासाठी तो काठावर येतो आणि तिथं लांडगा बसलेला असतो. जुन्या घरात एक गेला तर चौघं उरतात. या नव्या घरात मागे कुणीच नसतं. पाण्याची गळती ऐकायला कान उरत नाही. काही दिवसांत बांध फुटतो आणि तळं रिकामं होतं.

गेबल आणि सहकाऱ्यांनी २०२० साली याचा हिशेब मांडला. सुमारे सातशे चौरस मैलांच्या त्या प्रदेशात लांडगे वर्षाला अंदाजे ८८ तळ्यांचं भवितव्य असं बदलतात. पाण्यात मोजायचं तर हे १९ कोटी लिटरच्या वर भरतं. तळं झालं असतं तर तिथं बेडूक, बदकं, मासे आले असते, बुडालेली झाडं मेली असती. ते न झाल्यानं ओढा होता तसाच वाहत राहतो आणि झाडं उभी राहतात. आणि ज्या तळ्यावरून एकटा बीव्हर मारला गेला, तिथं वर्ष उलटलं तरी दुसरं बिऱ्हाड येत नाही. बांधाच्या जागी फांद्यांचा ढीग पडलेला असतो, आणि त्याच्यामधून पाणी खळखळत जातं.