खाजणातला चिखल आणि संशोधनाची वाट



दरवर्षी २ फेब्रुवारीला आपण जागतिक पाणथळ दिन साजरा करतो. १९७१ साली याच दिवशी इराणमधल्या रामसर शहरात पाणथळ जागा जपण्याचा करार झाला. आपल्या जवळची ठाणे खाडी २०२२ पासून या रामसर यादीत आहे. त्या दिवशी मुलं चित्रं काढतात, घोषवाक्यं लिहितात. पण या विषयात पुढे संशोधन करता येतं आणि त्यासाठी दरमहा पैसेही मिळतात, हे सांगायचं राहून जातं.

चिखलात काय चालतं?

उत्तनच्या मुलांना तिवर, निवटी, चिंबोरी पुस्तकातून दाखवावी लागत नाही. तिवराचं पान गळून चिखलात पडतं. खेकडे ते कुरतडतात, बिळात नेतात. बुरशी आणि जिवाणू ते कुजवतात. पानातला नायट्रोजन, फॉस्फरस मोकळा होतो आणि पुन्हा झाडांना व पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाला मिळतो. हे शेवाळ आणि कुजका चुरा यांवर कोळंबी व माशांची पिल्लं वाढतात. यालाच पोषकद्रव्यांचं चक्र म्हणतात.

आतल्या चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथले काही जिवाणू सांडपाण्यातल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात, म्हणजे पाणी साफ करायला मदतच करतात. पण सांडपाणी फार झालं की शेवाळ माजतं. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. खाडीला किती पेलवेल, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मासळीवर घर चालणाऱ्या गावाला ते कळायलाच हवं.

शिक्षणाची वाट

- बारावी विज्ञाननंतर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानही शिकता येतं.
- मत्स्यविज्ञानाची पदवी रत्नागिरीजवळ शिरगावच्या महाविद्यालयात होते. त्यापुढचं शिक्षण आणि पीएच.डी. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत.
- गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथेही पीएच.डी. करता येते.

एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली, तर पीएच.डी. करताना दरमहा ३७,००० रुपये मिळतात (जानेवारी २०२३ पासूनचा दर). "अजून किती वर्षं शिकवायचं?" असं विचारणाऱ्या पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, हा आकडा जरूर सांगा.

वर्गात करून पाहा

तिवराची गळलेली पानंच गोळा करा, झाडावरची तोडू नका. ती उन्हात वाळवून वजन करा आणि जाळीच्या छोट्या पिशव्यांत भरा. मोठ्यांच्या सोबतीने, ओहोटीला, काठाच्या चिखलात पिशव्या बांधून ठेवा. दर आठवड्याला एक पिशवी काढा, पानं धुऊन, वाळवून पुन्हा वजन करा. किती पान कुजलं, याचा आलेख मुलं स्वतः काढतील. संशोधकही पानांचं कुजणं याच पद्धतीने मोजतात.

भरती-ओहोटी, उधाण-भांग आपल्या मुलांना घरातूनच माहीत असतं. शहरातल्या विद्यार्थ्याला ते शिकावं लागतं. या ज्ञानाला विज्ञानाची जोड मिळाली, तर आपल्या खाडीचा अभ्यास आपलीच मुलं करतील.