टाळकऱ्यांच्या तोंडावर माईक

सप्ताहातल्या कीर्तनाला साउंड लावणं ऑर्केस्ट्रापेक्षा अवघड आहे, असं माझं मत आहे. बुवा निरूपणात कुजबुजल्यासारखे बोलतात आणि पुढच्याच क्षणी वरच्या पट्टीत चाल उचलतात. पाठीशी वीस-पंचवीस टाळकरी पितळी टाळ घेऊन उभे. टाळांना माईक कुणी देत नाही, तरी स्पीकरमधून सगळ्यात आधी तेच ऐकू येतात.

याचं कारण माईकच्या स्वभावातच आहे. बुवांसमोर आपण साधा डायनॅमिक माईक ठेवतो, शूअरच्या एसएम ५८ च्या जातीचा. १९६६ साली आलेलं हे मॉडेल आजही गावोगावच्या पेट्यांत सापडतं, खरं किंवा नकली. हा माईक समोरचं ऐकतो, पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. गाण्याच्या कार्यक्रमात हे सोयीचं पडतं. कीर्तनात मात्र माईकचं तोंड बुवांकडे, म्हणजेच त्यांच्या मागच्या टाळकऱ्यांकडेही. अशा वेळी आवाज वाढवला की टाळही तेवढेच वाढतात. उपाय अंतरात आहे. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की बुवांचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. टाळ होते तिथेच राहतात. म्हणून माईक तोंडापासून चार बोटांवर आणायचा, गेन उतरवायचा. स्टँड हनुवटीखाली ठेवून माईक वर तिरपा केला, तर छातीपाशी वाजणारे टाळ त्याच्या नेमातून थोडे सुटतात. इतक्या जवळून आवाज घुमतो, त्यासाठी मिक्सरवरचं लो-कटचं बटण दाबायचं. आणि टाळकऱ्यांना हात जोडून सांगायचं, ‘माउली, एक पाऊल मागं.’ मिक्सरवरच्या कुठल्याही बटणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पखवाजाला दोन माईक. कणीक लावलेल्या बाजूचा थोडा लांब, शाईच्या बाजूचा जरा जवळ. हार्मोनियमला एक पुरतो. वीणेकरी माईकशिवाय उभे राहतात, ते उत्तमच आहे. जितके माईक उघडे, तितकी शिट्टी जवळ.

ही शिट्टी म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून, वाढून, पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडणं. म्हणून दोन्ही स्पीकर बुवांच्या पुढे, तोंडं श्रोत्यांकडे आणि स्टँडवर उंच. मंडळी खाली सतरंजीवर बसलेली असतात; स्पीकर बुटका ठेवला तर पहिली ओळ कान दाबून बसते आणि शेवटच्या ओळीतून ‘आवाज वाढवा’ येतं. बुवांसाठीचा मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागे, त्याच्या बहिऱ्या बाजूला.

‘किती वॅटचं आणलंय?’ हा कमिटीचा ठरलेला प्रश्न. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. मागे ऐकू येत नसेल तर मंडपाच्या मध्यावर छोटे स्पीकर द्यावेत. चौकातल्या भोंग्यावर माझा राग आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरचा भोंगा वायरमुळे त्याच क्षणी बोलतो, पण मंडपात पोचेपर्यंत त्याला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. मग प्रत्येक शब्द दोनदा. कीर्तनाची वेळ सांगायला भोंगा ठीक आहे. कीर्तन सुरू झालं की बंद करावा.

वायरी टाकताना लाईटची आणि माईकची वायर शेजारून नेऊ नये. ओलांडायचीच तर काटकोनात. मिक्सर आधी चालू, अँप्लिफायर शेवटी. बंद करताना उलट. नाहीतर धाडकन आवाज होऊन स्पीकरचा जीव जातो. गुणगुण येते म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणारे मी पाहिले आहेत. घामेजलेल्या हातात धातूचा माईक असताना हा माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

बुवा ऐन वेळी येतात, त्यामुळे ‘हॅलो, हॅलो, चेक’वर भागत नाही. गावातल्याच गायकाला उभं करून त्याच्याकडून सगळ्यात वरची चाल म्हणवून घ्यायची, पखवाज आणि टाळ पूर्ण जोरात वाजवून घ्यायचे. लाल दिवा लागला तर गेन कमी. तेवढ्यानं रात्रीचं निम्मं काम होतं.

सप्ताह कमिटीला एवढीच विनंती. माईकवाल्याला मंडप घालायच्या दिवशीच बोलवा, व्यासपीठ कुठे हे त्याच्यासमोर ठरवा, आणि साउंडला रोषणाईपासून वेगळी, अर्थिंग असलेली लाईन द्या. कीर्तन सातला सुरू करा, कारण मोकळ्या मंडपात रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला कायद्यानं बंदी आहे.