दूधसर्प आणि आपली धामण

अमेरिका खंडांत ‘मिल्क स्नेक’, म्हणजे दूधसर्प, या नांवाचा एक बिनविषारी सर्प आढळतो. अंगावर तांबडे, काळे व पांढरे-पिवळे पट्टे ल्यालेला हा सर्प आणि त्याचाच सगोत्र ‘किंग स्नेक’ पाळण्याचा छंद तिकडे पुष्कळांस आहे. हिवाळ्यांत दोन-तीन महिने ते थंडाव्यांत ठेवून वसंतांत नर-मादी एकत्र सोडतात. मादी अंडीं घालते आणि सुमारें दोन महिन्यांनीं पिल्लें बाहेर पडतात. तीं मात्र निरनिराळीं ठेवावीं लागतात. कारण ही जात इतर सर्पांसही गिळते, मग भावंडांची काय कथा!

दूधसर्प हें नांव पडलें तें एका गैरसमजुतीनें. गोठ्यांत हा सर्प वारंवार दिसे, म्हणून तो गाईचें दूध पितो असें तेथील शेतकरी म्हणत. वस्तुतः तो येई उंदरांच्या मागावर. आपल्याकडे हाच आळ धामणीवर आहे. गाईच्या पायांस वेटोळें घालून ती दूध पिते, असें शपथेवर सांगणारे अजून भेटतात. परंतु सर्पाच्या मुखाची ठेवण दूध ओढण्याजोगी नाहीं. शिवाय त्याचे मागें वळलेले तीक्ष्ण दांत कोणती गाय क्षणभर तरी सोसील?

आणखी एक साम्य पाहण्याजोगें आहे. दूधसर्प हा ‘कोरल’ नामक विषारी सर्पासारखा दिसतो. आपला बिनविषारी कवड्या तसाच मण्यारीसारखा दिसतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, तर मण्यारीचे शेपटीकडे. तथापि एवढ्या ज्ञानावर विसंबून हात घालूं नये.

रंगीत सर्प पाहून तरुणांस मोह पडतो, हें स्वाभाविक आहे. पण त्या मोहाची किंमत मुके जीव देतात. ऑक्टोबर २०२२ मध्यें मुंबईस शोभेच्या माशांच्या नांवाखालीं आणलेले ६६५ परदेशी प्राणी पकडले गेले. त्यांत ११७ मेलेले निघाले. धामण, नाग यांसारखे देशी सर्प पाळणें किंवा मारणें हाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें अपराध आहे.

पालघर, बोईसर, तारापूर येथें भातखाचरांच्या कडेला घरें उठत आहेत. तेथें उंदरांमागें धामण अंगणांत येणारच. अशा वेळीं वडील मंडळींनीं काठी शोधूं नये. मुलांस दूर उभें करून तिची चपळ गति दाखवावी, आणि ती घरांत शिरल्यास वनखात्यास अथवा जाणत्या सर्पमित्रास कळवावें. छंदच हवा, तर पिंजऱ्यावांचून होणारें हें निरीक्षण काय वाईट?